रोज एक ग्रॅम

६ जानेवारी

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली आहे. ह्यांनी काय खाल्लं, किती वेळा जावं लागलं, कळ किती आली, रक्त दिसलं का, सगळं तारीखवार. पुढच्या पानांवर ते लिहिते. ही मागची पानं माझी. पुढे जे लिहिता येत नाही ते इथे लिहीन, नाहीतर माझं डोकं फुटेल.

काल दुर्बिणीने तपासणी झाली. मोठ्या आतड्याला आतून सूज आहे आणि बारीक जखमा आहेत. कॅन्सर नाही, असं डॉक्टर तीनदा म्हणाले, कारण मी तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारणार होते, पण ह्यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. रोज सहा गोळ्या लिहून दिल्या आहेत. "वेळ लागेल, पण आटोक्यात येईल," म्हणाले.

दादाच्या वेळीही हेच वाक्य ऐकलं होतं. माझा सख्खा मोठा भाऊ. पोटाला सूज आहे, आटोक्यात येईल. चार महिन्यांत गेला. दुपारची वेळ आहे, हे आत झोपलेत, आणि मी दारात बसून त्यांची छाती वरखाली होते की नाही ते बघते आहे. बावन्न वर्षांची बाई, पण काल डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर मला चपला कोणत्या त्या ओळखता येईनात.

९ जानेवारी

रक्ताचा रिपोर्ट आला. बी ट्वेल्व्ह कमी, फॉलिक अ‍ॅसिड कमी. आतडं सुजलेलं असलं की अन्नातलं अंगी लागत नाही, म्हणून बी व्हिटॅमिनची एक गोळी वाढवली. रोज एकच. पिवळी, वाटाण्याएवढी. ही मात्र घ्यायला तयार नाहीत.

"अहो, घ्या ना. एवढ्या सहा घेता, सातवीने काय केलंय?"

"सहा औषधाच्या आहेत. ही ताकदीची आहे. मला ताकद कशाला? मी कुलपं उघडतो, दारं फोडत नाही."

बाजारातल्या एका जिन्याखाली ह्यांचं किल्ल्यांचं दुकान आहे, एका दाराएवढं रुंद. किल्ल्या कापायचं यंत्र, भिंतीवर कोऱ्या किल्ल्या, आणि एक स्टूल. कोणाचं दार आपोआप लागलं, कोणाची किल्ली हरवली, की ह्यांना बोलावतात. कुलपात तार घालतात आणि आतल्या पिना चाचपत एकेक वर उचलतात. मी एकदा विचारलं होतं, आतलं दिसत तर नाही, मग कळतं कसं? म्हणाले, "तुला पीठ मळून झालं हे कसं कळतं? बोटाला कळतं."

खरं आहे. मी बेकरीत बावीस वर्षं पीठ मळते आहे.

१४ जानेवारी

आज सात वेळा. रक्त दोनदा. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, औषध लागू पडायला महिना जाईल, धीर धरा. धीर कुठून आणायचा, किलोने मिळतो का?

दुपारभर मोबाइलवर वाचत बसले. एका लेखात लिहिलंय की आतड्याच्या अस्तराला बी व्हिटॅमिनं लागतातच, ती कमी पडली की सूज उतरत नाही, जखमा भरत नाहीत. बी वन, बी टू, बी सिक्स, बी ट्वेल्व्ह, सगळ्यांची नावं आणि कामं. खाली ठळक अक्षरात: ही पाण्यात विरघळणारी असतात, जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात, म्हणून भीती नाही. हे वाक्य मी चार वेळा वाचलं. इतक्या दिवसांत "भीती नाही" असं मला कोणी पहिल्यांदाच म्हणत होतं.

संध्याकाळी ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "छान आहे." गोळी तशीच बशीत राहिली.

१७ जानेवारी

बेकरीच्या वरच्या फळीवर एक डबा दोन वर्षं पडून आहे. मालकीणबाईंनी मागे "शक्तीचा पाव" काढला होता, त्यासाठी मागवलेली व्हिटॅमिनची पूड. पाव पिवळट व्हायचा, वासही यायचा, कोणी घेईना. पाव बंद पडला, डबा राहिला. आज शिडी लावून काढला आणि घरी आणला. डब्यावर लिहिलंय: बी वन, बी टू, बी सिक्स, बी ट्वेल्व्ह. पंचवीस किलो पिठाला दहा ग्रॅम. फक्त कारखान्याच्या वापरासाठी.

नेमकी तीच चार नावं. बोट ठेवून पुन्हा वाचली.

मी हिशोब केला. एका पोत्याचे पाव किती माणसं खातात आणि कोणाला काही होत नाही. मी पोतंभर तर देणार नाही. माझ्या काट्यावर कमीत कमी एक ग्रॅम दिसतो, तर रोज एक ग्रॅम. मी अंदाजपंचे काम करत नाही. बेकरीतल्या पोरी चिमटीने मीठ टाकतात तेव्हा मी त्यांचा हात धरते.

पण ह्यांना सांगायचं कसं? ह्यांच्या लहानपणी आत्याने गोडातून एरंडेल दिलं होतं. पोट साफ व्हावं म्हणून, प्रेमानेच. ह्यांना ते कळलं, आणि त्यानंतर आत्याच्या घरचं पाणीसुद्धा कधी प्यायले नाहीत. ती गेली तेव्हा खांदा दिला, पण तिच्या घरी जेवले नाहीत. लग्न ठरलं तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं, "मला काहीही वाढ, खारट वाढ, करपलेलं वाढ. पण ताटात काय आहे ते मला माहीत असू दे."

अठ्ठावीस वर्षं मी तो शब्द पाळला आहे.

१८ जानेवारी

लाल भोपळ्याचं सूप केलं. पचायला हलकं, डॉक्टरांच्या यादीत आहे, आणि रंगाने पिवळं. एक ग्रॅम, मोजून.

"भोपळा? मी काय पाप केलंय?" म्हणाले. पण प्यायले. वाटी पुसून प्यायले. मी ओट्याकडे तोंड करून उभी होते. पुढच्या पानावर लिहिलं: भोपळ्याचं सूप, एक वाटी. ते खोटं नाही.

दादाला मी काही देऊ शकले नव्हते. नुसती उशाशी बसून राहिले होते.

४ फेब्रुवारी

चार वेळा. रक्त नाही. तीन दिवसांत रक्त नाही!

डॉक्टर म्हणाले गोळ्या लागू पडताहेत. मी मान हलवली. मनात म्हटलं, गोळ्याही लागू पडत असतील.

२३ फेब्रुवारी

दोन वेळा. कळ नाही. वजन दीड किलोने वाढलं. लेकीचा फोन आला होता, तिला सांगितलं बाबा आता घराबाहेर पडायला घाबरत नाहीत. ती म्हणाली, "आई, तुझा आवाज किती दिवसांनी नॉर्मल वाटतोय."

एका गोष्टीने दुपारी जीव घाबरला. हे म्हणाले, लघवी पिवळीधम्मक होते, अगदी रंग कालवल्यासारखी. कावीळ! डोळे बघितले, नखं बघितली. मग लेखातलं आठवलं, जास्तीचं निघून जातं. म्हणजे तेच जातंय. उलट चांगलंच आहे, अंगाला लागतं तेवढं राहतं, बाकीचं बाहेर. ह्यांना म्हटलं, भोपळ्याने होतं तसं.

"मग बंद कर की भोपळा."

"गुण आलाय ना? मग गप प्या."

३० मार्च

बरेच दिवस काही लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. पुढच्या बाजूला रोजची एक ओळ, तीही कंटाळवाणी. असा कंटाळा आयुष्यभर मिळो.

आज मात्र जेवताना सहज म्हणाले, तळपायांना मुंग्या येतात. उभं राहून काम करतो म्हणून असेल.

१६ एप्रिल

मुंग्या जात नाहीत. आता दोन्ही पायांना, घोट्यापर्यंत. काल पायातली चप्पल रस्त्यात निसटली आणि ह्यांना दुकानात पोचल्यावर कळलं. दुकानाशेजारचा चष्मेवाला ती हातात घेऊन मागे आला. दोघे हसले. मला हसू आलं नाही.

आतड्याची सूज शरीरभर पसरते का? वाचलं तर पसरते म्हणे, सांध्यांत, डोळ्यांत, कुठेही.

१७ एप्रिल

पुन्हा वाचलं. पायाला मुंग्या, बधिरपणा, म्हणजे नसा कमजोर. नसांना काय लागतं? बी वन, बी सिक्स, बी ट्वेल्व्ह. तीच नावं. म्हणजे एक ग्रॅम पुरेना झालाय. ह्यांचं आतडं निम्मं वाया घालवत असणार.

आजपासून दोन. सकाळच्या दुधात एक, रात्रीच्या सूपमध्ये एक. दुधात केशरी रंगाची सरबताची पूड घालते, चव झाकली जाते.

६ मे

हाताच्या बोटांना आलं.

सकाळी शर्टाची बटणं लावत होते. मी दूध घेऊन आले तर तिसऱ्या बटणावर अडकलेले. खाली बघून लावायला लागले. म्हणाले, "बटण हातात आहे की नाही तेच कळत नाही गं. हातमोजा घातल्यासारखं वाटतं."

मी बटणं लावून दिली. दूध प्यायला लावलं.

पोट मात्र उत्तम. वहीच्या पुढच्या बाजूला बघितलं तर ह्यांच्याइतका निरोगी माणूस शोधून सापडायचा नाही.

१९ मे

आज जे झालं ते लिहिते, म्हणजे मनातून जाईल. जाणार नाही, पण लिहिते.

समोरच्या इमारतीत एक म्हातारी बाई न्हाणीघरात अडकली. आतली कडी नव्हे, लॅचचं कुलूप. सून बाहेर रडत होती. ह्यांना बोलावलं. असली कुलपं हे बोलता बोलता उघडतात. मी बेकरीतून येत होते, गर्दी बघून वर गेले. हे गुडघ्यावर बसले होते, कुलपात तार, आणि कपाळावर घाम. तार आत जायची, फिरायची, बाहेर यायची. पुन्हा. पुन्हा. वीस मिनिटं. आतून म्हातारीचा आवाज बारीक होत गेला. सून म्हणाली, "काका, होतंय ना?" तार हातातून पडली आणि ह्यांना कळलंच नाही की पडली. रिकाम्या बोटांनी कुलपाशी खटपट करत राहिले. सगळे बघत होते.

शेवटी दोन तरुणांनी दार फोडलं. म्हातारी सुखरूप आहे.

घरी येऊन हात मांडीवर उताणे ठेवून बसले. मी जवळ बसले तर म्हणाले, "पोट गेलं असतं तरी चाललं असतं." मला रडू आवरेना. त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. हात कुठे पडतो आहे ते बघून ठेवला.

२३ मे

पोटाच्या डॉक्टरांनी नसांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तरुण मुलगी आहे, लेकीच्याच वयाची. टाचणीने टोचून बघितलं, कंप पावणारा लोखंडी चिमटा घोट्याला लावून बघितला. ह्यांना डोळे मिटून उभं केलं तर ह्यांचा तोल गेला. मी धावले.

"काका, कुठलं व्हिटॅमिन वगैरे घेता?"

"छे हो. एक लिहून दिली होती ती ताकदीची गोळी, ती मी शिवलीसुद्धा नाही. हिला विचारा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही घेत ते."

तेही खोटं नाही. ते कुठे घेतात?

"मग बी ट्वेल्व्ह पारच उतरलं असेल. त्यानेही असं होतं." रक्त घेतलं. मला बरंच वाटलं, म्हणजे मी बरोबर रस्त्यावर आहे. परवापासून तीन करावे का?

२५ मे

डब्यात पूड संपत आली म्हणून आज डबा बेकरीत नेला आणि मालकीणबाईंच्या परवानगीने पुरवठादाराच्या माणसाला विचारलं, हा डबा आणखी एक मिळेल का. तो पीठ आणि खमीर घेऊन दर महिन्याला येतो. डबा बघून चपापला.

"मावशी, हा उघडा ठेवलाय? हातमोजे घालून हाताळायचं असतं हे. पोत्यात दहाचे वीस ग्रॅम पडले तर आम्ही पोतंच टाकून द्यायला सांगतो."

मी म्हटलं, "व्हिटॅमिन तर आहे. जास्त झालं तर निघून जातं ना?"

"बाकीचं जात असेल. पण बी सिक्सचं आम्हाला ट्रेनिंगमध्येच सांगतात, फार दिवस फार पोटात गेलं तर नसा बिघडतात. हात-पाय बधिर होतात माणसाचे."

तो मग खमिराच्या भावाबद्दल काहीतरी बोलत होता. मला त्याचे ओठ हलताना दिसत होते.

घरी आले. न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि भिंतीला टेकून खाली बसले. हे बाहेरून विचारत होते, बरं वाटत नाही का, लिंबूपाणी करून देऊ का.

२६ मे

डबा धुऊन टाकला. आजपासून बंद. सकाळचं दूध साधं.

ह्यांना सांगायचं नाही. आता बंद केलंच आहे तर नसा आपोआप सुधारतील, आणि मग सांगायची गरजच उरणार नाही. आत्या वारली तेव्हा तिच्या दारात उभं राहिलेले हे मला आठवतात, ओठ आवळलेले, हातात पाण्याचा पेला तसाच.

आठ दिवसांत फरक पडेल. पंधरा धरू.

३ जून

फरक नाही. उलट काल जिन्यावरून घसरले. हाड मोडलं नाही.

९ जून

वाढलंय. बंद केल्याला चौदा दिवस झाले आणि वाढलंय! आता मनगटापर्यंत. घास तोंडाकडे नेताना सांडतो. दुकान आठवडाभर बंद आहे, चष्मेवाला येणाऱ्यांना परत पाठवतो.

म्हणजे पूड नव्हतीच. बंद केल्यावर वाढतं ते पुडीने कसं होईल? दुपारी हे सुचलं आणि मला इतकं हलकं वाटलं की मी ओट्यापाशी उभी राहून हसले. मी नाही केलं. मग पुढच्याच क्षणी लक्षात आलं, मी नाही केलं म्हणजे दुसरं काहीतरी आहे. दादासारखं काहीतरी. म्हणजे पुडीनेच आत्तापर्यंत धरून ठेवलं होतं आणि मी बंद केली. डबा धुतला तरी काट्याच्या ताटलीखाली थोडी पूड सांडलेली होती. ती खरवडून कागदावर घेतली. एक ग्रॅमही भरली नाही.

दिली तरी मी मारते, नाही दिली तरी मी मारते. कागद हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. हे आतून म्हणाले, "अगं, काय शोधतेस?"

"काही नाही," म्हटलं. कागद चुरगळून नळाखाली धरला.

१३ जून

आज दवाखान्यात.

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर मुलीच्या कपाळाला आठ्या पडल्या. बी ट्वेल्व्ह कमी नाहीच, नको तितकं जास्त आहे. "गोळी न घेता?" ती स्वतःशीच म्हणाली. मग आमची वही मागितली. पुढची पानं चाळली. जानेवारीपासूनचं एकेक जेवण, एकेक वाटी. म्हणाली, "काकू, अशी वही मी आजवर बघितली नाही. सगळ्या पेशंटच्या घरी तुमच्यासारखं कोणी असतं तर!"

हे माझ्याकडे बघून हसले. अभिमानाने.

मग ती सांगायला लागली. कारण सापडत नाही, त्यामुळे घोट्याजवळची नस थोडी कापून तपासायला पाठवावी लागेल. तो भाग कायमचा बधिर राहील. तोवर सूज दाबणारी जोराची औषधं सुरू करू, त्यांचे परिणाम वेगळे असतात, पण वाट बघण्यात धोका आहे. ह्यांनी पेन मागितलं सही करायला. ते बोटांत नीट धरता येईना, दोन हातांनी धरलं.

मी म्हटलं, "त्या वहीत एक गोष्ट लिहिलेली नाही."

सगळं सांगितलं. डबा, काटा, एक ग्रॅम, मग दोन. डॉक्टरांकडे बघून सांगितलं, ह्यांच्याकडे बघायची छाती झाली नाही. डब्यावरचं लेबल मी जपून ठेवलं होतं, ते पर्समधून काढून दिलं. तिने कागदावर आकडे मांडले. मग हळू आवाजात म्हणाली, "काकू, ह्या एका ग्रॅममध्ये बी सिक्स शंभर दिवसांचं आहे."

शंभर दिवसांचं. रोज. मी ते अगदी बरोबर मोजत होते.

"पण मी बंद केलं हो अठरा दिवसांपूर्वी, आणि वाढलंय."

"तसंच होतं. बंद केल्यावरही काही आठवडे वाढतं, मग थांबतं, मग हळूहळू उतरतं. सहा महिने, वर्ष. बहुतेकांचं बरंचसं परत येतं. पूर्ण येईल का, ते मी आज सांगू शकत नाही." तिने नस कापायचा कागद फाडला. बी सिक्सची तपासणी लिहून दिली. मग मला म्हणाली, "आज बोललात ते फार बरं झालं." ह्यांना तिने एवढंच बजावलं, गरम-गार स्वतःच्या हातापायाने ठरवायचं नाही, कळणार नाही आणि भाजेल. घरातल्या माणसाला विचारायचं.

बसमध्ये हे खिडकीकडे बसले. उतरताना मी हात पुढे केला. त्यांनी दांडा धरला.

घरी आल्यावर एकच विचारलं. "रोज?"

"रोज."

"आणि मी म्हणायचो, भोपळा बरा लागतोय."

१५ जून

जेवले नाहीत माझ्या हातचं. ओरडले असते तर बरं झालं असतं. बाहेरून केळी आणि बिस्किटांचे पुडे आणतात. पुडा बोटांनी फुटत नाही, दातांनी फोडतात. केळ्याचं देठ तीनदा निसटलं. मी उठले तर हाताने बस म्हणून खूण केली.

लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मला तुझा राग आलाय. आणि तुझी काळजीपण वाटते. दोन्ही एकदम." तिने बाबांशी बोलायला मागितलं. ते तिच्याशी हवापाण्याचं बोलले.

आज दोन वेळा, कळ नाही. पुढची ओळ लिहिली. आता ती कोणासाठी लिहिते?

१८ जून

पोटाच्या डॉक्टरांनी बिस्किटांवर राहायला साफ मनाई केली, पुन्हा सूज येईल म्हणाले. ह्यांनी स्वतः भात लावला. कुकरचं झाकण बसेना. मी दारात उभी राहून फक्त म्हटलं, "डावीकडे थोडं." त्यांनी उजवीकडे फिरवलं. मग डावीकडे.

बी सिक्सचा आकडा आला. कागदाच्या रकान्यात मावत नव्हता.

आणि गार पाण्याने आंघोळ करताहेत. मी पाणी तापवून बादली भरून ठेवते, ती तशीच राहते. हवा गार आहे, पाऊस पडतोय, बाहेर येतात तेव्हा ओठ निळे असतात आणि दात वाजत असतात. मी म्हटलं, "अहो, आजारी पडाल." म्हणाले, "गार पाणी गार असतं. विचारावं लागत नाही."

मला भीती वाटते ती आता मरणाची नाही. हे असेच राहतील, ह्याच घरात, माझ्यापासून दोन हातांवर, आणि कधी काही विचारणार नाहीत, ह्याची वाटते.

२२ जून

सहावा दिवस गार पाण्याचा. खोकला सुरू झालाय. मी आता बोलत नाही. बादली मात्र तापवून ठेवते.

२६ जून

आज सकाळी बेकरीला निघाले होते, छत्री हातात घेतली होती. न्हाणीघरातून हाक आली.

"अगं."

किती दिवसांनी ही हाक. मी छत्री टाकून गेले. हे पंचा लावून स्टुलावर बसले होते, समोर मी भरलेली बादली, वाफ निघत होती. खोकून खोकून डोळे लाल झालेले. माझ्याकडे बघितलं नाही, बादलीकडे बघत म्हणाले, "हे बघ जरा. चटका देईल का?"

मी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला. कढत होतं. मी गार पाण्याची तोटी सोडली. हात आतच ठेवला. ढवळत राहिले.

"आता?"

"थांबा."

थांबले. मी आणखी थोडं गार सोडलं, तोटी बंद केली, तळापर्यंत हात नेऊन पुन्हा बघितलं. दुसऱ्या हातानेही बघितलं. एवढं निरखून तर मी कधी पीठसुद्धा बघितलं नव्हतं.

"आता?" पुन्हा विचारलं.

"आता ठीक आहे."

त्यांनी दोन्ही हातांनी तांब्या धरला, नीट धरलाय का ते बघितलं आणि भरला. आधी पायावर थोडं टाकून बघतील असं मला वाटलं. त्यांनी डोळे मिटले आणि तो तांब्या थेट डोक्यावर ओतला.

मी बाहेर आले, दार ओढून घेतलं. आतून दुसरा तांब्या ऐकू आला, मग तिसरा. बेकरीला पोचायला आज उशीर झाला.